अंगण खरोखरच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे तोंडावर फेकतो की, तिच्यातील एका शक्यतेकडे आपले लक्षच जात नाही. अंगण खरोखरच वाकडे असेल तर? नाचणारा कसलेला आहे, पावले नेहमीच्याच जागी पडत आहेत, आणि तरीही तो अडखळतो आहे; कारण त्याच्या पाठीमागे कोणीतरी अंगण उकरून नव्याने चोपले आहे आणि वरून सुरेख सारवून रांगोळीही घातली आहे. अशा वेळी नाचणाऱ्याला हसण्याआधी कोणीतरी पाणसळ आणून जमीन तपासायला नको काय?

आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे. हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांला जाणीव आहे. एरवी कथा, कविता, आठवणी आणि समाजाचे प्रश्न यांची चर्चा जेथे होते, तेथे मुलांच्या खेळण्याला जागा कशाला, असे कोणी विचारील. त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, हे खेळणे आता मुलांपुरते राहिलेले नाही. 1996 साली जो मुलगा दहा-बारा वर्षांचा होता, तो आज चाळिशीच्या घरात आहे. त्याला स्वतःची मुले आहेत, आणि आपण लहानपणी जे खेळलो ते मुलांना दाखवावे, अशी स्वाभाविक इच्छा त्याला होते. नेमक्या याच इच्छेवर आज एक मोठा व्यापार उभा राहिला आहे. जुने खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा घडवायचे आणि तोच खेळ आता अधिक देखणा झाला आहे, असे सांगून विकायचे, असा हा व्यापार. त्यात सोने किती आणि मुलामा किती, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे प्रास्ताविक आवश्यक आहे. ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणजे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उड्या मारीत पुढे जाण्याचा खेळ. उडी चुकली की खाली दरी. मग पुन्हा मागे जाऊन आरंभ करायचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून ज्या खेळांच्या कॅसेट अनेक घरांत चालत, त्यांतला मिशीवाला मारिओ याच कुळातला. ज्या खेळाविषयी आम्हांला मुख्यत्वे बोलायचे आहे, तो त्याचाच एक धाकटा भाऊ म्हणावा असा आहे. त्याचे नाव ‘क्रॅश बँडिकूट’.

हा खेळ सप्टेंबर 1996 मध्ये अमेरिकेत सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर आला. अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन या दोन मित्रांनी स्थापन केलेल्या नॉटी डॉग या संस्थेने तो घडविला. त्या यंत्राची मुख्य स्मृती अवघी 2 मेगाबाइट होती. आजच्या मोबाईलवर काढलेले एक छायाचित्रही पुष्कळदा याहून मोठे असते! एवढ्याशा जागेत रान, नद्या, पडके किल्ले आणि झुलते पूल मावणार कसे? त्यासाठी या मंडळींनी मोठी शक्कल लढविली. खेळाच्या प्रत्येक टप्प्याचे 64 किलोबाइटचे तुकडे पाडले, आणि खेळाडू जसजसा पुढे सरकेल तसतसे लागेल तेवढे तुकडे सीडीवरून उचलून आणण्याची व्यवस्था केली. कॅमेरा ठरलेल्या वाटेवरूनच चालेल असे बांधून घेतले, म्हणजे कोणत्या ठिकाणाहून काय दिसेल हे आधीच मोजून ठेवता आले. नायक क्रॅश हा 512 बहुभुजांचा बनलेला आहे. एकही अधिक ठेवण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

या काटकसरीचा परिणाम खेळाच्या स्वरूपावर झाला. वाट अरुंद, पुढे जायचे किंवा मागे यायचे, आणि हाताशी साधने दोनच : गिरकी आणि उडी. भटकायला मैदान नाही, बोलायला माणसे नाहीत, गोळा करायला शस्त्रांचे भांडार नाही. ‘रोड टू नोव्हेअर’ आणि ‘द हाय रोड’ या नावांचे दोन टप्पे आहेत. धुक्यातून जाणारा दोरांचा पूल, मधल्या फळ्या गळालेल्या, असलेल्यांतल्या काही पायाखालून निखळणाऱ्या. तेथे खेळाडूजवळ स्वतःच्या उडीवरील विश्वासाखेरीज काहीही नसते. म्हणूनच आम्ही म्हणतो की, या खेळात उडी हाच खेळ आहे. रान आणि धुके हा मांडव. उडी हे लग्न.

आता उडी म्हणजे काय? बाहेरून पाहणाऱ्याला ते एक बटण वाटते. वस्तुतः त्यामागे काही मापे असतात. बटण दाबल्यावर पात्राने किती उंच जायचे, किती लांब जायचे, हवेत किती वेळ राहायचे, किती वेगाने खाली यायचे, आणि फळीच्या कडेवर पाय टेकला असे यंत्राने नेमके केव्हा मानायचे. ही मापे पडद्यावर कोठेही लिहिलेली नसतात. खेळाडू ती हजार वेळा पडून अंगठ्याने शिकतो. जुन्या घरातली आजी अंधारात जिना उतरते, तेव्हा ती पायऱ्या मोजीत नाही. तिच्या पावलांनाच त्या पायरीची उंची ठाऊक असते. एखाद्या सुताराने तो जिना नव्याने बांधताना लाकूड शिसवी लावले, कठड्यावर नक्षी केली, आणि पायरी मात्र अर्ध्या इंचाने बदलली, तर आजी पडणार. त्या पडण्याचा दोष आजीच्या वयाला द्यायचा की सुताराला?

हे सारे 2017 साली घडले. त्या वर्षी 30 जून रोजी ‘क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजी’ या नावाने पहिले तिन्ही खेळ प्लेस्टेशन 4 साठी एकत्र प्रसिद्ध झाले, आणि पुढच्या वर्षी ते अन्य यंत्रांवरही आले. प्रकाशक ॲक्टिव्हिजन, घडविणारी संस्था न्यूयॉर्क राज्यातील व्हिकेरियस व्हिजन्स. जाहिरातीत शब्द वापरला गेला तो ‘रीमास्टर’ हा. कारागिरांच्या परिश्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांच्या हाती मूळ टप्प्यांची भूमिती तेवढी आली होती, आणि तीही जुन्या, विचित्र स्वरूपातली. बाकीचे सारे त्यांना नव्याने उभे करावे लागले. पाने हलू लागली, क्रॅशच्या अंगावर केस आले, पाण्यात प्रकाश चमकू लागला. चित्र म्हणून पाहिले तर हे काम निःसंशय देखणे आहे, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

परंतु जिन्याची पायरी बदलली होती. खेळ विक्रीला आल्यावर थोड्याच दिवसांत जुन्या खेळाडूंची तक्रार सुरू झाली की, पहिल्या खेळातल्या ओळखीच्या उड्या आता चुकत आहेत. सुरुवातीला त्यांना काय उत्तर मिळाले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. वय झाले, हात जड झाले, आठवण गोड असते : अर्थात नाचता येईना, अंगण वाकडे! पण काही चिकित्सक खेळाडूंनी पाणसळ आणली. जुना आणि नवा खेळ त्यांनी शेजारी शेजारी चालवून पाहिला. नव्या खेळात क्रॅश उडीनंतर अधिक वेगाने खाली येतो, असे दिसून आले. शिवाय आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रत्येक पात्राभोवती यंत्राच्या हिशेबासाठी एक अदृश्य आकार असतो. नव्या क्रॅशच्या या आकाराचा तळ औषधाच्या कॅप्सूलसारखा गोल होता. त्यामुळे फळीच्या अगदी कडेवर जेथे पूर्वी पाय टेकत असे, तेथून तो आता टेबलाच्या कडेवर ठेवलेल्या अंड्याप्रमाणे घसरून खाली जाई.

त्याच जुलै महिन्यात प्रकाशकांनाही खुलासा करावा लागला. त्याचा आशय असा की, तिन्ही खेळांसाठी हाताळणीचा पाया म्हणून मालिकेतल्या तिसऱ्या, म्हणजे 1998 च्या खेळाची पद्धत घेतली आहे. कारण ती सर्वांत सुधारलेली. आधाराचा हिशेबही आता अधिक काटेकोर झाला आहे, आणि म्हणून पहिल्या खेळात खेळाडूने अधिक अचूक असावे लागेल.

वाचकहो, या खुलाशातच सारा घोटाळा उघड होतो. दऱ्यांची रुंदी 1996 ची आणि उडीचा पाया 1998 चा! पहिल्या खेळाचे पूल पहिल्या खेळाच्या उडीचे माप घेऊन बांधलेले होते. फळी आणि फळी यांमधील अंतर कोणी सहज ठेवलेले नव्हते. हा क्रॅश एवढ्याच अंतराची उडी मारू शकतो, हे जाणून ठेवले होते. अंगरखा एकाच्या मापाचा शिवायचा, दुसऱ्याच्या अंगात घालायचा, आणि तो काखेत फाटला की, अंग ताठ ठेवा असा उपदेश करायचा, यातला हा प्रकार झाला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आमच्या प्रतिपादनाचा सारा भार त्यावरच आहे. कठीण असणे हा दोष नव्हे. पहिला खेळ कठीणच होता, आणि काही बाबतींत तर अकारण निर्दय होता. प्रगतीची नोंद करून ठेवण्याची सोय त्यात मुक्तहस्ते नव्हती. अधूनमधून येणारा एक खास डाव पूर्ण केला किंवा हिरा मिळविला, तरच ती संधी मिळे. टप्प्यातील सगळी खोकी फोडून हिरा मिळवायचा, तर त्या टप्प्यात एकदाही मरण्याची मुभा नव्हती. नव्या आवृत्तीने नोंदीची सोय सढळ केली, आणि साध्या हिऱ्यांसाठी मरणाची अटही शिथिल केली. या दोन्ही गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास मिळणाऱ्या बापाला आणि शाळेचा अभ्यास सांभाळणाऱ्या मुलाला ही दया आवश्यक होती. खुद्द मूळ निर्माते दयेला पारखे नव्हते. खेळाडू एकाच ठिकाणी वारंवार पडू लागला की, खेळाने गुपचूप त्याला एखादे संरक्षक मुखवट्याचे साह्य द्यावे, अशी योजना या मालिकेत होती, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

म्हणजे आमचा आक्षेप सोपे केल्याबद्दल नाही आणि कठीण केल्याबद्दलही नाही. आमचा आक्षेप अन्याय्य कठीणपणाबद्दल आहे. कठीण खेळात खेळाडू आणि निर्माता यांच्यात एक अलिखित करार असतो. निर्माता म्हणतो : मी तुला पुन्हा पुन्हा पाडीन, पण जमीन दिसेल तेथे जमीन असेल. फळीवर तुझा पाय दिसला, तर तो फळीवरच असेल. या शब्दावर विसंबून मूल पन्नास वेळा पडते आणि एकावन्नाव्या वेळी उठते. पडण्याचे कारण आपल्यात आहे असे त्याला वाटते, म्हणूनच ते सुधारते. ज्या क्षणी पाय फळीवर दिसतो आणि तरी पात्र खाली जाते, त्या क्षणी हा करार मोडतो. त्यानंतरचे पडणे शिकवीत नाही. ते केवळ चिडविते. आणि मूल जर आज्ञाधारक असेल, तर ते चिडतही नाही. आपल्यालाच जमत नाही, असे समजून ते गप्प बसते. हे अधिक वाईट.

आणि याच सुमारास, जुलै 2017 मध्ये, आणखी एक टप्पा वेगळा प्रसिद्ध झाला : ‘स्टॉर्मी असेंट’. मूळ निर्मात्यांनी हा टप्पा 1996 मध्येच तयार केला होता. पण तो फार कठीण झाला आणि सौम्य करण्यास वेळ उरला नाही, म्हणून त्यांनी तो खेळातून बाजूला ठेवला. सीडीवर तो दडून राहिला होता. म्हणजे आपला खेळ किती कठीण असावा याविषयी मूळ कारागिरांना विवेक होता, आणि आपल्या मेहनतीचा एक संपूर्ण टप्पा त्यांनी त्या विवेकापायी टाकून दिला. वीस वर्षांनी तो बाहेर काढला गेला, त्यावर नवे रंग चढले, आणि तो या बदललेल्या उडीने पार करायला खेळाडूंपुढे ठेवला गेला. इतिहासातील एक वस्तू म्हणून तो पाहायला मिळाला, याचा आनंद आहे. परंतु कठीणपणा हा जेव्हा जाहिरातीचा गुण होतो, तेव्हा तो न्याय्य आहे की नाही हे विचारणारा कोणी उरत नाही, हेही येथे दिसते.

असा प्रमाद प्रथमच घडला, असेही नाही. वर ज्या मारिओचा उल्लेख केला, त्याचे जुने खेळ निन्टेंडोने 1993 साली ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या नावाने अधिक समर्थ यंत्रासाठी नव्या रूपात आणले. त्या संग्रहाने एक मोठे काम केले. जपानमध्ये 1986 साली आलेला आणि अमेरिकेसाठी फारच कठीण म्हणून मागे ठेवलेला दुसरा मारिओ त्यामुळे प्रथमच अमेरिकन मुलांच्या हाती पडला, आणि तोही प्रगतीची नोंद ठेवण्याच्या सोयीसह. ही दया योग्यच होती. पण त्याच संग्रहात एक बारीक फरक शिरला. मूळ खेळात मारिओ डोक्याने वीट फोडी, तेव्हा तो आपटून लगेच खाली येई. नव्यात वीट फुटल्यावरही तो वर जात राहतो. फरक एवढासाच. पण ज्याचा अंगठा जुन्या मारिओवर घडला, त्याला तो पहिल्याच विटेला जाणवतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे पाहू. पहिला आक्षेप असा की, हे सारे जुन्या आठवणींचे कढ आहेत. तसे असते, तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. आठवण फसवी असते, हे मान्य. पण पडण्याचा वेग आणि पायाखालच्या आकाराचा गोलवा या आठवणी नव्हेत. त्या मोजता येतात, आणि त्या मोजल्या गेल्या आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सवय केली की नवी उडीही जमते, आणि असंख्य खेळाडूंनी नवा खेळ शेवटपर्यंत नेला आहे. हे खरेच आहे. माणूस वाकड्या अंगणातही नाचायला शिकतो. पण त्यावरून अंगण सरळ ठरत नाही. आणि जो नव्याने शिकला, तो जुना खेळ शिकला असे म्हणता येत नाही. तो एक वेगळा खेळ शिकला, ज्याची चित्रे जुन्या खेळावरून काढलेली आहेत.

तिसरा आक्षेप व्यापाराचा. जुन्या यंत्राची जुनी मापे नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरविणे अशक्य, निदान परवडण्याजोगे नाही, असे सांगितले जाते. यावर युक्तिवाद करण्यापेक्षा एक उदाहरण देणे बरे. योगायोगाने ते 1996 सालचेच आहे.

त्या वर्षी इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइन या संस्थेने ‘टूम रेडर’ हा खेळ काढला. लारा क्रॉफ्ट ही त्याची नायिका. तोही उड्यांचा आणि तोही कठीण. पण त्याचा कठीणपणा वेगळ्या जातीचा. त्यातील सारे जग समान चौकोनांचे बनलेले आहे. उभ्या उभ्या मारलेली उडी एक चौकोन ओलांडते, धावत मारलेली दोन, आणि पलीकडची कडा हातांनी पकडली तर तीन. खेळाडू कड्यावर येऊन थांबतो, दरीचे चौकोन मोजतो, एक उडी मागे घेतो, धावतो आणि झेपावतो. ही उडी म्हणजे अंकगणितच. म्हणून तिची मापे बदलणे म्हणजे पाढ्यांत फेरफार करण्यासारखे.

हा खेळ आणि त्याचे पुढचे दोन भाग 14 फेब्रुवारी 2024 रोजी ॲस्पायर या संस्थेने नव्या यंत्रांसाठी आणले. त्यांनी काय केले? मूळ खेळाचा सांगाडा आत तसाच चालू ठेवला आणि वरून नवी चित्रे चढविली. एक बटण दाबले की नवे चित्र जाऊन 1996 चे टोकदार, ओबडधोबड चित्र त्याच क्षणी समोर येते. पुन्हा दाबले की नवे परत येते. हालचालीसाठीही दोन पद्धती ठेवल्या : एक जुनी आणि एक आजच्या मुलांच्या सवयीची. नव्या पद्धतीत चौकोनांचा हिशेब तितका नेटका राहत नाही, हे खरे. परंतु ज्याला तो हवा आहे, त्याच्यासाठी जुनी पद्धत शाबूत आहे. मूळ प्लेस्टेशनवर ठरावीक जागी ठेवलेल्या स्फटिकांजवळच प्रगतीची नोंद करता येई. आता ती कोठेही करता येते. म्हणजे दया आहे, सौंदर्य आहे, आणि पायरीची उंचीही ढळलेली नाही. बापाने जुन्या रीतीने खेळावे, मुलाने नव्या रीतीने, आणि एक बटण दाबून बापाने म्हणावे : पाहा, आम्ही हे असे पाहत होतो. जीर्णोद्धार म्हणतात तो याला.

हे एकमेव उदाहरण नाही. 2015 साली जपानच्या कॅपकॉमने डिजिटल एक्लिप्स या संस्थेकडून ‘मेगा मॅन लेगसी कलेक्शन’ करवून घेतले. कठीणपणासाठी प्रसिद्ध असलेले सहा जुने खेळ त्यात आहेत, आणि पडद्यावर गर्दी झाली की जुने यंत्र जसे मंदावत असे, तसे ते याही संग्रहात मंदावतात. कारण त्या मंदावण्यासकट खेळाडूंनी तो खेळ शिकलेला होता. पुढे 2018 च्या आवृत्तीत चूक झाल्यास वेळ मागे फिरविण्याची सोय आली. पण ती ज्याला हवी त्याने घ्यावी. खुद्द क्रॅशच्या घराण्यातही हे शहाणपण पुढे आले. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या चौथ्या क्रॅशने खेळाडूपुढे दोन रीती ठेवल्या : मोजके प्राण असलेली जुनी रीत आणि कितीही वेळा पडता येईल अशी नवी. विचारून दिलेली सोय आणि न सांगता केलेला बदल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कोणी म्हणेल, एवढे जुन्यावर प्रेम असेल तर जुनाच खेळ खेळावा; नव्याने कोणाचे काय नेले? दुर्दैवाने येथेच खरी मेख आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे त्यात आढळले. जुनी यंत्रे बिघडतात, सीडीवर ओरखडे पडतात, जुने टीव्ही भंगारात जातात. ग्रंथालयांनी असे बंद पडलेले खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, अशी मागणी होती. ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये फेटाळली. मग सामान्य कुटुंबाच्या हाती उरते काय? दुकानात जे नवे रूप मिळते, तेच. एक पिढी सरली की, ते रूप हाच मूळ खेळ ठरेल. मूळ मापे जाणणारे अंगठे उरणार नाहीत, आणि पाणसळ कोणी आणली तरी ती कशाशी ताडून पाहायची, हा प्रश्न पडेल. घडविणाऱ्या संस्थाही कायम राहत नाहीत. ज्या व्हिकेरियस व्हिजन्सने 2017 चे काम केले, ती 2021 मध्ये ब्लिझार्डमध्ये विलीन झाली आणि 2022 मध्ये तिचे नावही बदलले. नॉटी डॉगकडून तिच्या हाती जेवढे आले, तेवढेच. उद्या तिच्याकडून कोणाला काही हवे असेल, तर ते कोणाच्या दारात मागायचे?

‘रीमास्टर’ हा शब्द मुळात ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातला. मूळ मुद्रणाची जी आदिप्रत असते, तिच्यावरून खरखर काढून नवी, स्वच्छ प्रत तयार करायची, असा त्याचा अर्थ. गायक तोच, सूर तोच, श्वासही तोच. नव्या गायकाला उभे करून त्याच चालीवर गाणे म्हणून घेतले, तर ते गाणे कदाचित गोड होईल; पण त्यावर जुन्या गायकाचे नाव घालणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. 2017 च्या क्रॅशला कोणी ‘नव्याने घडविलेला खेळ’ म्हटले असते, तर आमची तक्रार निम्मी झाली असती.

तेव्हा आमचे मागणे अवास्तव नाही. जुना खेळ नव्या यंत्रावर आणताना मूळ खेळही त्याच खोक्यात, जसाच्या तसा चालेल असा द्यावा. ते शक्य नसेल, तर उडीची मापे मूळचीच ठेवावीत. तीही बदलायची असतील, तर काय बदलले हे वेष्टनावर स्पष्ट लिहावे. ग्राहकाने महिनाभर पडून झाल्यावर नव्हे. सोयी हव्या तितक्या द्याव्यात, पण त्या निवडीच्या असाव्यात. आणि जी संस्था आज नवा खेळ करीत आहे, तिने आपली मूळ सामग्री नीट जपावी. वीस-पंचवीस वर्षांनी तिचाही जीर्णोद्धार कोणीतरी करणार आहे.

शेवटी दोन शब्द घरोघरीच्या आईबापांसाठी. मुलासाठी असा एखादा खेळ आणलात, तर पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसा. तो पडेल, पुन्हा पडेल, आणि तुमच्या तोंडी ती म्हण येईल. ती क्षणभर आवरा. पडद्याकडे नीट पाहा : त्याचा पाय फळीवर होता काय? नसेल, तर त्याला पुन्हा प्रयत्न करायला सांगा. पडणे त्याचेच आहे आणि उठणेही त्याचेच होईल. पण पाय फळीवर दिसत असताना तो खाली गेला असेल, तर त्याला स्पष्ट सांगा : बाळा, हे तुझे चुकले नाही, अंगणच वाकडे आहे.